एकच रेणू, तीन कॉलेजं, तीन उत्तरं: कोरम सेन्सिंगचा सामायिक डेटा जोडायचा कसा?

कृष्णाकाठ_सांगली (धागाकर्ता)

सांगली, कराड आणि सातारा इथल्या तीन कॉलेजांच्या मायक्रोबायॉलॉजी विभागांनी मिळून एक सामायिक डेटासेट करायला घेतलाय. वनस्पतींतले ३६ रेणू आहेत: कर्क्युमिन, व्हॅनिलिन, सिनामाल्डिहाइड, युजेनॉल, क्वेर्सेटिन वगैरे. प्रत्येक रेणू जिवाणूंचं कोरम सेन्सिंग (पुरेशी गर्दी झाली की रासायनिक संदेशाने मिळून वागणं) किती दाबतो ते मोजायचं, आणि रेणूच्या रचनेवरून हा परिणाम आधीच सांगणारं मॉडेल बांधायचं. जिवाणू क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमची सीव्ही०२६ ही जात, बाहेरून सी६-एचएसएल हा संदेश-रेणू देऊन. मोजायचं ते व्हायोलेसिन, म्हणजे संदेश पोचला की तयार होणारं जांभळं रंगद्रव्य.

अडचण अशी. ५० मायक्रोमोलर कर्क्युमिनला सांगलीत रंग आणि वाढ दोन्ही घटलेली दिसतात, कराडला फक्त रंग घटतो, साताऱ्यात काहीच होत नाही. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मॉडेल) चालवलं. डेटा सरमिसळ करून विभागला तर आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.८ च्या आसपास येतो, एक कॉलेज पूर्ण बाजूला ठेवून तपासलं तर शून्याजवळ.

तिन्हींची सरासरी घ्यावी की कॉलेजनिहाय दुरुस्ती करावी? जाणकारांनी सांगावं.

---

मिरजकर

सरासरी अजिबात नको. तीन वेगळ्या गोष्टी मोजून त्यांची सरासरी काढलीत तर चौथीच, कुठेच नसलेली गोष्ट हाती येईल.

आधी हे सांगा: वाढ कुठल्या तरंगलांबीवर वाचली? ६०० वर वाचली असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटतं. व्हायोलेसिनचं शोषण ५८५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, त्यामुळे ६०० वर ते भरपूर लुडबुड करतं. रंग कमी झाला की ओडी६०० (६०० वर वाचलेला गढूळपणा, ज्यावरून वाढ ठरवतात) आपोआप उतरतो, आणि पेशी तेवढ्याच असताना वाढ खुंटल्यासारखी दिसते. या जिवाणूची घनता ७२० वर वाचायची, शंका आली तर प्लेट काउंट (प्लेटवर उगवलेल्या वसाहती मोजणं) करायचा.

---

कृष्णाकाठ_सांगली

@मिरजकर, सांगलीत ६००, कराडला ७२०. साताऱ्यात क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या चौकोनी नळीत) ६००.

---

शेंगदाणा_लाडू

म्हणजे मॉडेल रेणू ओळखत नव्हतं, कॉलेज ओळखत होतं. हुशार आहे, प्रवेश समितीवर घ्या.

---

पेव_हरिपूर

कर्क्युमिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण सांगलीत हळद म्हटलं की सगळ्यांना आपलं माणूस वाटतं आणि हा रेणू तितकाच दगाबाज आहे.

एक, बाटलीत काय आहे? 'कर्क्युमिन' म्हणून मिळणाऱ्या साध्या ग्रेडमध्ये तीन रेणू असतात: साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के डिमेथॉक्सी, ३ टक्के बिसडिमेथॉक्सी. रेणुभार अनुक्रमे ३६८.४, ३३८.४ आणि ३०८.३. तुमच्या तक्त्यात एका ओळीला एक रचना आहे, बाटलीत तीन. एकाने शुद्ध घेतलं आणि दुसऱ्याने मिश्रण, तर रचनेवरून शिकणारं मॉडेल पहिल्याच पायरीला घसरतं. लॉट नंबर आणि एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) काढलेली शुद्धता तक्त्यात हवीच. मार्केट यार्डातल्या पुडीचा अर्क तर या यादीत चुकूनही घालू नका. भौगोलिक मानांकन आहे म्हणून ती रासायनिक प्रमाणित वस्तू होत नाही.

दोन, टिकाऊपणा. सीरमविरहित फॉस्फेट बफरात पीएच ७.२, ३७ अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडतं, हे १९९७ पासून छापील आहे. तुमचा प्रयोग चालतो अठरा ते चोवीस तास. मग परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा? निदान एका प्लेटमध्ये नुसतं माध्यम आणि कर्क्युमिन ठेवा, पेशी नकोत, आणि ४२५ वर (कर्क्युमिन शोषतं ती तरंगलांबी) ०, १, ४, १८ तासांनी वाचा.

तीन, विद्राव्यता. डीएमएसओ या द्रावकातून पाणीदार माध्यमात टाकलं की ५० मायक्रोमोलरला बारीक कण सुटतात. कण प्रकाश विखुरतात, ओडी खोटा चढतो. साताऱ्यात क्युव्हेटमध्ये ६०० वर वाचलंय, म्हणजे एकीकडे रंग कमी झाल्याने आकडा उतरतोय, दुसरीकडे कणांनी चढतोय. दोन्ही एकमेकांना खाऊन 'काहीच फरक नाही' दिसणं सहज शक्य आहे.

शिवाय कर्क्युमिन हे चाचण्यांत उगाच सकारात्मक दिसणाऱ्या रेणूंचं नेहमीचं उदाहरण आहे. प्रथिनांना चिकटतं, चमकतं, धातू पकडतं, गोळे करतं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या नियतकालिकात यावर मोठा आढावा आलाय, तो तिन्ही कॉलेजांत वाचला जावा.

---

शेंगदाणा_लाडू

डेटाला हळद लागली, पण लग्न काही जमेना.

---

अजिंक्यतारा

पेव_हरिपूरताई, प्रतिसाद छान, पण सगळा दोष कर्क्युमिनवर नको. ३६ रेणूंपैकी कितींमध्ये कॉलेजांचा मेळ बसत नाही? व्हॅनिलिनसारखा साधा, विरघळणारा रेणूही तीन ठिकाणी तीन उत्तरं देत असेल तर गडबड मोजणीत आहे.

---

कृष्णाकाठ_सांगली

व्हॅनिलिनचाही मेळ नाही. युजेनॉल आणि सिनामाल्डिहाइडचा तर एकाच कॉलेजच्या दोन प्लेटांतही नाही.

---

मिरजकर

युजेनॉल आणि सिनामाल्डिहाइड उडून जातात. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये झाकणाखालून वाफ शेजारच्या वेलमध्ये उतरते आणि शेजारचा कंट्रोलही (रेणू न घातलेला नमुना) दबतो. अशा रेणूंना वेगळी प्लेट, वर चिकटणारी सीलिंग फिल्म, आणि मध्ये नुसतं माध्यम भरलेला एक स्तंभ. पण फिल्म लावली की ऑक्सिजन कमी होतो, आणि व्हायोलेसिन तयार व्हायला ऑक्सिजन लागतोच, त्याच्या मार्गातली एन्झाइमं ऑक्सिजन वापरतात. म्हणून कंट्रोलही त्याच फिल्मखालचे हवेत.

याच कारणाने आकारमान महत्त्वाचं. २०० मायक्रोलिटर न हलवता ठेवलेलं वेल, आणि १५० आरपीएमवर हलणाऱ्या नळीतलं ५ मिलि. यांचा रंग सारखा येणारच नाही. कोण काय वापरतंय?

---

कृष्णाकाठ_सांगली

सांगली आणि कराड ९६ वेल, न हलवता. सातारा ५ मिलि नळी, हलवून. इनक्युबेटर सगळ्यांचे ३० अंशांवर लावलेले.

---

भडंग_विथ_कांदा

लावलेले ३० वर, आत किती होतं? एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी खोलीतच ३७-३८ असतं. साध्या बॅक्टेरियॉलॉजिकल इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली ३० च्या वर गेली की तो मुकाट्याने बंद बसतो, आणि प्लेट खोलीच्याच तापमानाला, किंवा पंख्याच्या मोटरमुळे त्याहून थोडी वर. साताऱ्यात हाच प्रश्न कमी.

उपाय: थंड करणारा बीओडी इनक्युबेटर घ्या, आणि आत डेटा लॉगर ठेवा, दर पाच मिनिटांना नोंद करणारा. भारनियमनात दोन तास वीज गेली तर तेही त्यात दिसेल. बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा तक्त्यात लिहू नका, लॉगरची पूर्ण फाईल जोडा.

---

वाईकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

---

निळा_टिपका

मूळ मुद्द्यावर कुणीच बोलत नाहीये. धाग्यात कोरम सेन्सिंग मोजतो म्हटलंय. सीव्ही०२६ वापरून तुम्ही ते मोजतच नाही.

कोरम सेन्सिंग ही एका पेशीची करामत नाही. पेशी थोडा थोडा एएचएल (सी६-एचएसएल ज्या कुळातला तो संदेश-रेणू) सोडतात, घनता वाढली की बाहेर तो साठतो, उंबरठा ओलांडला की रिसेप्टर (संदेश ओळखणारं प्रथिन) जागा होतो आणि एएचएल बनवणारं जनुक आणखी जोरात चालवतो. हा स्वतःलाच ढकलणारा फेरा आहे, म्हणून बदल हळूहळू न होता एकदम होतो. समुद्री जिवाणूंचा प्रकाश ठरावीक घनतेनंतरच का उजळतो, याचं उत्तर १९७० साली नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी याच दिशेने दिलं. समूहात आहे पण सुट्या पेशीत नाही, असा इमर्जंट गुणधर्म शोधायचा तर तो इथे.

सीव्ही०२६ मध्ये एएचएल बनवणारं सीव्हीआयआय जनुक ट्रान्सपोझॉनने (मध्येच घुसणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने) मोडलेलं आहे. फेरा तुटलेला. तुम्ही वरून सी६-एचएसएल ओतता, पेशी उत्तर देतात. ही रिसेप्टर आणि त्यापुढच्या मार्गाची चाचणी झाली. उपयोगी आहे, पण समूहाचं वागणं यात येत नाही.

---

अजिंक्यतारा

@निळा_टिपका, असहमत. फेरा तुटलेला आहे हाच सीव्ही०२६ चा फायदा. जंगली (फेरा न मोडलेल्या मूळ) जातीत रेणूने रंग दाबला तर त्याने एएचएल बनणं थांबवलं, रिसेप्टर अडवला, वाढ मंदावली की एएचएल मोडला, हे ओळखताच येत नाही. सीव्ही०२६ मध्ये एएचएल आपण देतो, म्हणून एक शक्यता बाद होते. सुटे भाग नीट मोजल्याशिवाय समूहाबद्दल बोलणं म्हणजे पायाआधी कळस.

---

निळा_टिपका

मग दोन्ही मोजा, भांडण कशाला? सीव्ही०२६ ज्या मूळ जातीतून आली ती एटीसीसी ३१५३२ (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणू-संग्रह), तिचा फेरा शाबूत आहे. दुसरी, एटीसीसी १२४७२, ही लांब साखळीचा सी१०-एचएसएल वापरते, तिची आणि सीव्ही०२६ ची थेट तुलना करू नका. जाती एनसीआयएम पुणे किंवा एमटीसीसी चंदीगड या आपल्याकडच्या संग्रहांतून रीतसर मागवा, 'जांभळा जिवाणू' एवढीच नोंद करू नका.

जंगली जातीत शेवटच्या आकड्याऐवजी *सुरुवात* मोजा. सुरुवातीची घनता फार कमी ठेवा, ताज्या कल्चरचं हजारपट विरलीकरण. दर ३० मिनिटांनी ५८५ आणि ७२०. दोन्हींचं गुणोत्तर काढा, कारण नुसत्या ५८५ मध्ये पेशींचं विखुरणंही मिसळलेलं असतं. गुणोत्तर ज्या घनतेला उचल खातं, ती घनता हा तुमचा आकडा. खरा दाबणारा रेणू हा उंबरठा वरच्या घनतेकडे सरकवतो. नुसती वाढ मंदावणारा रेणू वेळ लांबवतो, उंबरठ्याची घनता फारशी हलवत नाही. या एका फरकाने यादीतले बरेच खोटे दावेदार गळतील.

सीव्ही०२६ साठी मात्र सी६-एचएसएलची एकच मात्रा देऊ नका. १० नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर, आठ पायऱ्या, रेणूसह आणि रेणूविना. वक्र उजवीकडे सरकला तर स्पर्धक अडवणूक, माथा खाली आला तर काहीतरी वेगळं. एका मात्रेत हे दोन्ही सारखेच दिसतात.

---

अजिंक्यतारा

सुरुवातीच्या घनतेचा मुद्दा मान्य. बाकीचं आधीचंच मत कायम :)

---

पेव_हरिपूर

यात पीएच जोडा. साध्या एलबी माध्यमात साखर नाही, जिवाणू अमिनो आम्लं खातात, अमोनिया सुटतो आणि रात्रभरात पीएच साडेआठच्या वर जातो. अल्कलीत एएचएलचं लॅक्टोन कडं उघडतं आणि संदेश मुका होतो. साखळी जितकी आखूड तितकं लवकर. सी६ त्यातच येतो. म्हणजे जिथे पेशी जोमाने वाढल्या (हलवलेली नळी, भरपूर हवा) तिथे संदेश लवकर मेला असू शकतो, रेणूचा काही संबंध नसताना. माध्यमात ५० मिलिमोलर एमओपीएस बफर घाला, पीएच ७.० ला बांधा, आणि शेवटी प्रत्येक प्लेटच्या चार वेलचा पीएच पट्टीने तरी बघा.

---

मिरजकर

पिगमेंट काढण्याची पद्धत एकच ठेवा. आमच्याकडे चालते ती अशी:

१ मिलि कल्चर, १३,००० आरपीएम, १० मिनिटं. वरचं द्रव टाका. गोळ्यावर १ मिलि डीएमएसओ, वॉर्टेक्सवर गोळा पूर्ण पांढुरका होईपर्यंत. पुन्हा १३,००० ला १० मिनिटं. वरचं २०० मायक्रोलिटर स्वच्छ प्लेटमध्ये, ५८५ वर. गोळा जांभळाच राहिला तर निम्मं पिगमेंट आतच आहे, वाचू नका, पुन्हा काढा. कर्क्युमिनच्या वेलमध्ये डीएमएसओ पिवळा होणार, म्हणून तिथे ४२५ ही वाचा आणि ब्लँकमध्ये तितकंच कर्क्युमिन घाला.

९६ वेलमध्ये १ मिलि मावत नाही. तीन-चार वेल एकत्र करा किंवा सगळ्यांनी २४ वेलच्या प्लेटवर या. दुसरं बरं.

---

प्लेटवाला

रीडर जुळवल्याशिवाय हे सगळं वाया. क्युव्हेटचा प्रकाशमार्ग १ सेंमी, ९६ वेलमध्ये २०० मायक्रोलिटरचा साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या थोडा वर. शिवाय प्रत्येक यंत्राचा डिटेक्टर विखुरलेला प्रकाश वेगळ्या कोनातून पकडतो, त्यामुळे एकाच्या ०.४ ला दुसऱ्याचा ०.४ म्हणता येत नाही. २०२० साली २४४ प्रयोगशाळांच्या एकत्रित अभ्यासात हे सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांनी सोडवलं: ठाऊक संख्येचे गोळे, दुप्पट-दुप्पट विरलीकरण, प्रत्येक यंत्रावर वाचन, आणि ओडीऐवजी थेट 'इतक्या गोळ्यांइतकं' असा आकडा. तीन कॉलेजांनी मिळून एक बाटली घेतली तर खर्च फार नाही.

५८५ च्या शोषणासाठी त्याहून स्वस्त: एका कॉलेजने क्रिस्टल व्हायोलेटचं एकच द्रावण करून तिघांना वाटायचं, अकरा पायऱ्यांचं विरलीकरण, भरल्या भरल्या वाचायचं, कारण ते प्लॅस्टिकला चिकटतं. कुठल्या आकड्याला रेषा वाकते ते कळलं की त्यावरचं वाचन डेटात घ्यायचं नाही, नमुना पातळ करायचा.

प्लेटच्या कडेचे ३६ वेल नमुन्यांना वापरू नका. बाष्पीभवन तिथे जास्त. त्यात नुसतं पाणी किंवा माध्यम भरा. उरतात ६०. कंट्रोल एकाच स्तंभात न ठेवता विखरून ठेवा.

आणि प्रत्येक प्लेटला झेड-प्राइम (प्लेट किती भरवशाची याचा आकडा) काढा: एक वजा, तीन गुणिले दोन्ही कंट्रोलच्या प्रमाणविचलनांची बेरीज, भागिले सरासरींतला फरक. उदाहरणार्थ सरासरी १.२ आणि ०.१, विचलन ०.०६ आणि ०.०२, तर ०.७८. पहिलं विचलन ०.२ झालं की ०.४. ०.५ च्या खालची प्लेट पुन्हा करा. पण पुसू नका, खूण करून ठेवा.

---

शेंगदाणा_लाडू

३६ वेल रिकामे म्हटल्यावर स्टोअरकीपर कुठल्या रंगाचे होतात, त्याची तरंगलांबी कुणी मोजली का?

---

कोड_कराड

डेटाच्या बाजूने.

एका ओळीला एक वेल. सरासरी, टक्केवारी काहीही साठवायचं नाही, रीडरचा कच्चा आकडा साठवायचा. सोबत कॉलेज, यंत्र, प्लेट, वेल, तारीख (वर्ष-महिना-दिवस), जात, पॅसेज (कल्चर कितव्यांदा पुढे वाढवलं), माध्यमाचा लॉट, रेणूचा लॉट, डीएमएसओ टक्के, आकारमान, हलवणं, एएचएल कधी घातला, आणि एक 'खूण' स्तंभ. डीएमएसओ सगळीकडे ०.५ टक्के, कंट्रोलमध्येही.

एक्सेलपासून सावध. नमुन्याचं नाव '२ई५' असं इंग्रजी अक्षरात टाकलं की ते दोन लाख होतं. जनुकांची नावं तारखा होतात म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची काही नावंच बदलावी लागली. नावं 'पी०२_ई०५' अशी ठेवा आणि फाईल साध्या सीएसव्हीत.

रेणूची ओळख नावाने नको, इनचाय-कीने (रचनेवरून बनणाऱ्या सांकेतिक कळीने). पण कर्क्युमिनमध्ये तिथेही खोच आहे: कीटो आणि इनॉल रूपांच्या कळा वेगळ्या येतात, म्हणून एकच बाटली दोन रेणू म्हणून नोंदली जाऊ शकते. पबकेम या रसायनांच्या डेटाबेसमधला ९६९५१६ किंवा दुसरा क्रमांक, तिघांनी एक ठरवून आरडीकिट या सॉफ्टवेअरमध्ये टॉटोमर (अशी एकमेकांत बदलणारी रूपं) एकसारखे करून घ्या.

धाग्यातल्या प्रश्नाचं उत्तर: कॉलेजनिहाय दुरुस्ती (कॉम्बॅट किंवा तत्सम) तेव्हाच, जेव्हा कॉलेज आणि रेणू एकमेकांत गुंतलेले नाहीत. हळदीकुळातले सगळे रेणू फक्त सांगलीत केलेत का?

---

कृष्णाकाठ_सांगली

हो, बहुतेक. प्रत्येकी १२ वाटून घेतले. कर्क्युमिन, व्हॅनिलिन, युजेनॉल आणि सिनामाल्डिहाइड तेवढे तिन्हीकडे झाले.

---

कोड_कराड

मग दुरुस्ती करू नका. गणिताला 'सांगली' आणि 'हळदीचे रेणू' यांत फरक कळणार नाही, कॉलेजचा परिणाम काढताना रेणूचाही परिणाम पुसून जाईल. तुमचे सामायिक चारपैकी दोन उडणारे आणि एक मोडणारा, त्यांच्या भरवशावर पूल बांधता येणार नाही.

नव्याने वाटा: ८ सामायिक रेणू, त्यात विरघळणारे, टिकणारे, एक-दोन निष्क्रिय, आणि एक ठाऊक दाबणारा फ्युरानोन. उरलेले २८ अशा रीतीने फिरवा की प्रत्येक रेणू निदान दोन कॉलेजांत होईल. मॉडेल तपासताना एक कॉलेज पूर्ण बाहेर, आणि वेगळ्या फेरीत रेणूंचे सांगाडे गट करून बाहेर. सरमिसळ विभागणीतला ०.८ कुठेही छापू नका. ३६ रेणूंवर न्यूरल नेटवर्क वगैरेचा मोहही नको. उंबरठ्याची घनता, वक्राची सरक आणि वाढीचा वेग ही तीन मोजमापं प्रत्येक रेणूला नीट मिळाली तरी पुष्कळ झालं.

---

निळा_टिपका

+१. आणि जोड्या विसरू नका. दोन रेणू एकत्र दिल्यावर बेरजेपेक्षा वेगळं काही घडतं का, हे सुट्या रेणूच्या रचनेवरून कळणार नाही. ब्लिसच्या हिशोबाने (दोन्ही रेणू एकमेकांपासून स्वतंत्र काम करतात असं धरून) ३० टक्के आणि ४० टक्के दाबणाऱ्या रेणूंची अपेक्षा ५८, सत्तर नव्हे. ७० आलं तर ती संगत (एकमेकांना बळ देणं), ५८ आलं तर काहीच विशेष नाही. बेरीज करून '७० हवे होते, ५८ च आले, म्हणजे विरोध' असे निष्कर्ष काढलेले दिसतात.

---

भडंग_विथ_कांदा

सुरक्षेचं कुणीच लिहिलं नाही. हा जिवाणू मातीपाण्यातला, पण जखमेतून आत गेला तर क्वचित का होईना रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. हातमोजे, बोटाला कापलेलं असेल तर त्या दिवशी कल्चरला हात नाही, प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. डीएमएसओ स्वतः त्वचेतून शिरतो आणि सोबतचंही आत नेतो, म्हणून पिगमेंट काढतानाही हातमोजे.

---

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: २४ वेल, १ मिलि, एकाच वेगाने हलवून, एमओपीएस, ७२० आणि ५८५, दोन जाती, ८ सामायिक रेणू, सिलिका गोळे. उडणारे दोन रेणू वेगळ्या प्लेटवर. रेणूंचे स्टॉक सांगलीत एकदाच करून तिन्हीकडे वाटणार. एसटीच्या पार्सलने कराड-सातारा पाठवले तर चालतील का?

---

पेव_हरिपूर

रेणू चालतील, जिवंत कल्चर नाही.

डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात फारच. म्हणून मोठी बाटली उघड-बंद करत बसू नका. ५० मायक्रोलिटरच्या लहान नळ्या, स्क्रू झाकण, वर पॅराफिल्म, पिशवीत सिलिका जेल, बाहेर फॉइल. एक नळी एकदाच वापरायची, उरलं ते टाकायचं, पुन्हा गोठवायचं नाही. आणि डीएमएसओ १८.५ अंशांला गोठतो, डिसेंबरात साताऱ्याच्या टेबलावरसुद्धा. नळी अर्धवट वितळलेली असताना पिपेट केली तर एका वेलला दाट आणि दुसऱ्याला पातळ जाईल. २५ अंशांवर पूर्ण वितळवा, वॉर्टेक्स, मग क्षणभर स्पिन, तळाशी कण दिसतात का बघा आणि मगच उघडा.

प्रत्येक खोक्यात पेशींविना वाचायची एक कर्क्युमिन नळी जादा टाका. पोचल्यावर मिथेनॉलमध्ये पातळ करून ४२५ वर वाचायची, सांगलीच्या आकड्याशी ५ टक्क्यांत जुळली तरच ते खोकं वापरात घ्या.